जांभोरे घाटावरचं इंजिन

रविवार, १२ सप्टेंबर १९५४

आज तापीच्या मधोमध इंजिन बंद पडलं आणि मला ओढून आणायला लोटन भोई आला. यापेक्षा बुडालो असतो तर बरं, असं एक मिनिट वाटलं. मग पाण्याकडे पाहिलं आणि वाटेनासं झालं.

ही वही इंजिनाच्या नोंदीसाठी घेतली. उद्या कुणाच्या हाती पडलीच तर माहीत असावं, म्हणून सांगतो. मी नथ्थू. अकराव्या वर्षी शिरपूरच्या कापसाच्या जिनात यंत्रांना तेल घालायला लागलो. शाळा केली ती कानांनी. आज विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करतो. बांधावर उभं राहून ऐकतो आणि सांगतो, बेअरिंग गेलंय की मालकाने तेल घातलेलं नाही. बहुतेक वेळा मालकच गेलेला असतो.

उन्हाळ्यात देवळालीच्या लष्करी लिलावात एक पत्र्याची होडी दिसली. पेट्रोलचं इंजिन, दोन सिलिंडर, वयाने माझ्याहून थोडं धाकटं. ट्रकवर घालून घरी आणली. सुगंधाबाई, म्हणजे आमचं कुटुंब, दारात उभी राहून म्हणाली, "लोक म्हैस आणतात."

पण माझा हिशोब सरळ आहे. जांभोरे घाटावर पावसाळ्यापासून माघापर्यंत माणसं वल्ह्याच्या नावेने पलीकडे जातात. नाव लोटनची, त्याआधी त्याच्या बापाची. एका खेपेला पाऊण तास. माझी होडी दहा मिनिटांत नेईल. जिल्हा लोकल बोर्डाचं पत्र आलंय की सोमवार ११ ऑक्टोबरला ओव्हरसियर येणार. बारा फेऱ्या, इंजिन एकदाही बंद होता कामा नये. लोटनची काही हरकत असेल तर तीही त्याच दिवशी ऐकणार. पास झालो तर घाट मोटारहोडीला. नाही झालो तर पुन्हा बांधावर उभं राहून दुसऱ्यांची इंजिनं ऐकायची.

आणि आज पहिल्याच चाचणीला हे. लोटनने दोर फेकला आणि म्हणाला, "धर, नथ्थूभाऊ. तुनं इंजिन दमी गयं." काठावरचे सगळे हसले. (घरचं आणि गावचं बोलणं इथे शाळेच्या भाषेत लिहितो, आमची बोली कागदावर आली की माझी लेखणी अडखळते. लोटन मात्र जसा बोलला तसाच लिहिणार. पुरावा म्हणून.)

मंगळवार, १४ सप्टेंबर

दुखणं सापडलं. प्लग काढले तर काळे आणि ओले. धूर काळा, वासाने डोळे चुरचुरतात. इंजिन उपाशी नाही, त्याला अजीर्ण झालंय.

कार्बोरेटर उघडला. त्यात एक वाटी असते. वाटीत बुचाच्या लाकडाचा फ्लोट पेट्रोलवर तरंगतो. वाटी भरली की फ्लोट वर येतो आणि सुईने पेट्रोलची वाट बंद करतो. आपल्या पाण्याच्या हौदाला असावी तशी युक्ती. तो फ्लोट बाहेर काढून दाबला तर स्पंजासारखं पेट्रोल गळलं. इतकी वर्षं पिऊन पिऊन जड झाला, बुडून बसला, सुईचं भोक उघडंच राहिलं.

उन्हात वाळवला. दुपारपर्यंत हलका झाला, संध्याकाळी पुन्हा प्यायला. याला बाहेरून कसला तरी लेप हवा.

शुक्रवार, १७ सप्टेंबर

आज माझ्या डोक्याचं मलाच कौतुक वाटतंय.

बाजारात मंजुळाबाई लाखेच्या बांगड्या करते. निखाऱ्यावर लाख मऊ करायची, वळायची, चकाकी आणायची. तिच्यापुढे उकिडवा बसून फ्लोट दिला. म्हटलं, "याला बांगडीसारखा मढव."

"हे कुणाच्या हातात घालायचं?"

"इंजिनाच्या."

"तुमच्या घरी सवतच आणलीत म्हणायची," म्हणाली, पण काम सुंदर केलं. लालभडक, गुळगुळीत, कुठे केसाएवढी फट नाही. घरी पाण्याच्या वाटीत टाकून ठेवला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बदकासारखा तरंगत होता. वजन तोळ्याच्या काट्यावर पाहिलं, गुंजभरही वाढलं नाही.

सुगंधाबाई म्हणाली, "पाण्यात तरंगला. पण त्याला राहायचं पेट्रोलात ना?"

बायकांना यंत्राचं कळत नाही, पण विचारायची हौस मोठी. म्हटलं, "जे पाण्यात तरलं ते सगळीकडे तरतं."

सोमवार, २० सप्टेंबर

काय आवाज! सहा फेऱ्या झाल्या, एकदाही खोकला नाही. पलीकडच्या काठावर बैल बिथरले इतकं चाललं. लोटन नावेत बसून बघत होता. चिलीमही ओढेना. एका हातानेच वल्हं धरून बसला होता, दुसरा हात मांडीवर. माज बघा म्हाताऱ्याचा.

जुनं पेट्रोल संपलं. धुळ्याहून बन्सीलालने पंपावरचे दोन डबे आणून दिले. म्हणाला, "नथ्थूभाऊ, हल्ली मिसळीचा माल येतोय. साखर कारखान्याचं स्पिरिट घालतात म्हणे पेट्रोलात." मी म्हटलं, वा रे सरकार! माणसाची बंद केली आणि मोटारीला पाजायला लागले. खूप हसलो.

हसण्यावरून आठवलं. काल पितांबर सुताराच्या घरी दारूबंदीचे शिपाई आले होते. बाटलीत स्पिरिट सापडलं. पितांबर रडकुंडीला, "साहेब, दाराच्या पॉलिशचं आहे हो, लाख विरघळवायला लागतं!" शिपायाला पटेना. शेवटी मी साक्ष दिली की हा माणूस ताकसुद्धा पाणी घालून पितो. सोडलं त्याला. माझा शब्द चालतो गावात, हेही इथे नोंदवून ठेवतो.

रविवार, २६ सप्टेंबर

घात!

तिसऱ्या फेरीत इंजिन फटफट करून मागे आग ओकायला लागलं, मग बंद. या वेळी प्लग कोरडे, पांढरे. म्हणजे उलट दुखणं, उपासमार. लोटनने ओढून आणलं. दोर सोडून सरळ आपल्या नावेकडे गेला, त्यामुळे जास्तच लागलं.

कार्बोरेटर उघडला आणि हात थांबला. जेटच्या, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या नळीच्या, बारीक भोकात तांबूस, चिकट राळ. वाटीच्या तळाशीही तेच. गूळ! पेट्रोलच्या टाकीत गूळ टाकला की इंजिनाची वाट लागते, हे कोणताही ड्रायव्हर सांगेल. जिभेवर ठेवून पाहिला. गोड लागला नाही, पण पेट्रोलात भिजून गोडी गेली असणार.

आता सांगायला नको कुणाचं काम. घाट कुणाचा जाणार? होडीशेजारी नाव कुणाची बांधलेली असते?

टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं. चांगलं पितळी, तिजोरीचं. फ्लोटची लाख थोडी उडालेली दिसली, ओढाताणीत घासली असेल. मंजुळाबाईकडून दुप्पट जाड थर घालून घेतला. एकदा केलेलं काम पक्कं करून ठेवावं.

शनिवार, २ ऑक्टोबर

कुलूप जागच्या जागी. किल्ली माझ्या जानव्याला. आणि इंजिन पुन्हा बंद. पुन्हा तीच राळ, या वेळी दुप्पट.

लोटन दोर घेऊन आला तेव्हा माझा तोल गेला. भर पाण्यात, काठावर बाजारची वीस माणसं ऐकत असताना म्हटलं, "लोटन्या, गूळ घालतोस आणि वर ओढायला येतोस? बापाच्या वयाचा आहेस म्हणून हात आवरतो!"

तो बघत राहिला. मग म्हणाला, "गूळ? भाऊ, मना घरमा चहाले गूळ नही शे." आणि दोर नावेला बांधून उजव्या हाताने वल्हं मारायला लागला. सरळ ओढायचं सोडून आडवा आडवा नेत होता, सगळा जोर एकाच बाजूने. मला खेळवत होता. काठाला लावल्यावर नावेच्या कडेला बसला तो बराच वेळ उठलाच नाही.

लोक माझ्याकडे बघत होते. कुणी हसलं नाही. ते मला आवडलं नाही.

नऊ दिवस उरले.

खंडेनवमी

आज पाना, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर सगळं पाटावर मांडून पूजा. इंजिनालाही झेंडूची माळ. सुगंधाबाईने अक्षता टाकल्या त्या नेमक्या हवेच्या तोंडापाशी. ओरडलो. ती म्हणाली, "चालतंय कुठे ते, तांदूळ गेला तर काय बिघडणार आहे?"

आज हत्याराला हात लावायचा नाही. पाच दिवसांवर परीक्षा आलेली आणि माझा पाना हळदकुंकू लावून आराम करतोय! दोनदा पाटाकडे हात गेला, दोन्ही वेळा तिने नुसतं बघितलं. शेवटी बाहेर पडलो.

पितांबरही तसाच बेकार बसलेला. त्याचा रंधा, करवत पाटावर. ओट्यावर दोघे बसलो. करायला काहीच नाही, म्हणून मी त्याला माझं दुखणं सांगत सुटलो. बूच, लाख, गूळ, लोटन, सगळं. तो नखं कुरतडत ऐकत होता. मध्येच म्हणाला, "लाख लावलीस?"

"दोनदा."

"आणि पेट्रोलात स्पिरिट असतं म्हणतोस?"

"बन्सीलाल म्हणतो."

पितांबर माझ्याकडे असा बघायला लागला जसा मी त्याच्या दाराला उलटी बिजागरी लावलीय. "नथ्थूभाऊ, लाख पाण्यात दहा वर्षं ठेव, काही होणार नाही. स्पिरिटात टाक, सकाळी सरबत. मी जन्मभर दुसरं काय करतो? तूच नाही का त्या शिपायाला सांगितलंस!"

मी उठलो. पुन्हा बसलो.

म्हणजे गूळ नव्हता. ती माझीच लाख. पहिल्या वेळी थोडी, दुसऱ्या वेळी दुप्पट, कारण मीच दुप्पट लावली. कुलूप लावून चोराला आतच ठेवला होता मी. आणि वीस माणसांदेखत लोटनला...

सुगंधाबाईला सांगितलं. तिने फक्त विचारलं, "पाण्यातच तरंगवून पाहिला होता ना?" मी पूजेचा प्रसाद तोंडात टाकला, म्हणजे उत्तर द्यायला नको.

दसरा

चुकीची माफी मागायची मला सवय नाही. दसऱ्याचं बरं असतं. आपट्याची पानं हातात द्यायची, वडीलधाऱ्याच्या पाया पडायचं, काही बोलावं लागत नाही.

लोटनच्या झोपडीत गेलो. भागाबाई, त्याची बायको, रुईची पानं तव्यावर शेकत होती. पानं लोटनच्या डाव्या खांद्यावर बांधलेली. म्हटलं, "आबा, थंडी लागली का?" तो म्हणाला, "लागनी." आपट्याची पानं दिली, पाया पडलो. त्याने उठवलं तेव्हा मी मिठी मारली तर "आय वं!" म्हणाला. म्हातारी हाडं.

तरी मी म्हणालो, "आबा, तो गूळ नव्हता."

"माले माहीत शे."

"लाख होती. माझीच."

तो इतका हसला की खांद्यावरचं पान घसरलं, भागाबाईने ते सरळ केलं. ती म्हणाली, "हसा आता. सोमवारी साहेबापुढे काय सांगायचं ते ठरवा आधी." लोटनने नजर तव्याकडे वळवली. म्हणजे हरकत घेणारच तो. घेऊ दे, त्याचा हक्क आहे. येताना रस्ताभर मनाला समजावत आलो, पण ते समजून घेईना.

शनिवार, ९ ऑक्टोबर

मगन कासाराकडून पितळी फ्लोट करून घेतला. पातळ पत्र्याच्या दोन वाट्या तोंडाला तोंड लावून कथलाचा डाग देऊन जोडल्या. पहिला जड झाला, बुडाला. दुसऱ्याला डाग देताना आत कोंडलेली हवा तापली आणि फटकन उडाला, मगनच्या मिशा वाचल्या. तिसरा जमला.

या वेळी सुगंधाबाईने विचारायच्या आधीच पेट्रोलात ठेवला. बन्सीलालने आणलेल्या त्याच मिसळीच्या पेट्रोलात. काल दुपारी ठेवला, आज सकाळीही तरंगत होता. जेट घोड्याच्या शेपटीच्या केसाने साफ केला, टाकी धुतली, वाटी स्पिरिटाने पुसली. (पितांबरकडून आणलं, चहाच्या कपात, पदराआड लपवून. पदर सुगंधाबाईचा.)

दहा फेऱ्या. एकही खोकला नाही. कानाला इतकं गोड लागतंय की जेवताना घास थांबतो.

सोमवार, ११ ऑक्टोबर

सगळं क्रमाने लिहितो.

ओव्हरसियर साहेब सकाळी आठला आले. चष्मा, छत्री, आणि पाण्याची भीती. होडीत बसताना म्हणाले, "मला पोहता येतं, पण गरज पडू नये." त्यांनी लोटनलाही होडीत बसवलं. घाट सध्या त्याचा, त्याने डोळ्यांनी बघावं. म्हातारा पुढच्या टोकाला बसला, पाठ माझ्याकडे.

सुकाणू माझ्या हातात, इंजिन माझ्या गुडघ्याशी. पहिली फेरी, दुसरी, पाचवी. साहेब वहीत रेघ मारत होते. काठावर गाव जमलं होतं. मंजुळाबाई सगळ्यांना सांगत होती की इंजिनाच्या पहिल्या बांगड्या तिने भरल्या. नववी, दहावी. दुपारी वरच्या अंगाला सातपुड्यात कुठे पाऊस झाला असावा, पाणी गढूळ व्हायला लागलं. मला त्याचं काय? माझे कान दोन सिलिंडरांवर होते. अकरावी. बारावीची जाण्याची खेप झाली. आता फक्त परत यायचं. काठावर सुगंधाबाई पदर तोंडात धरून उभी दिसली.

मधोमध आलो आणि लोटनने वळून न बघता उजवा हात वर केला.

"इंजिन बंद कर."

मला वाटलं चुकून म्हणाला. "काय?"

"बंद कर, भाऊ. माले आयकू दे."

साहेब म्हणाले, "बंद झालं तर अट मोडली, मिस्तरी. सांगून ठेवतो."

किती वेळ गेला माहीत नाही. एवढासाच गेला असणार. मनात आलं, हीच त्याची हरकत. शेवटच्या खेपेला, अर्ध्या पाण्यात. कोण सोडेल असा मोका? वीस माणसांत ज्याला चोर म्हटलं तो माणूस आहे हा. इंजिन काय सुंदर चालत होतं! महिनाभर मी दुसरं काही मागितलं नव्हतं. तो वळला नाही. मान तेवढी तिरकी करून बसला होता. आणि ती मान मी ओळखली. बांधावर उभा राहून इंजिन ऐकतो तेव्हा माझी अशीच होते.

मी इंजिन बंद केलं.

काठावरून "अरेरे!" ऐकू आलं. मग काहीच नाही. मग पाणी. इतक्या दिवसांत मी ते ऐकलंच नव्हतं. डावीकडे, थोडं पुढे, एके जागी पाणी वेगळं बोलत होतं. जड, गुंडाळल्यासारखं.

"झाड शे," लोटन म्हणाला. "खाले. वरथून व्हाई ऊनं. बांबू धर."

वरून वाहून आलेलं झाड, पाण्याखाली! बांबू त्याच्याजवळच होता. सवयीने त्यानेच दोन्ही हातांनी उचलायला घेतला. उजवा वर गेला, डावा गेला नाही. खांद्यापाशी थांबला, थरथरला आणि खाली आला. त्याने माझ्याकडे बघितलं, मी सगळं बघितलं. ते एका हाताचं वल्हं, ते आडवं ओढणं, रुईची पानं. कानांनी शाळा केलेला माणूस मी, डोळे कुठे ठेवले होते?

बांबू मी घेतला. तो सांगत गेला, "डावं दाब. आखो. सोड आते." होडी वळली आणि शेजारून ते खोड वर आलं. काळं, बैलाएवढं जाड, एक फांदी भाल्यासारखी पुढे. साहेबांच्या छत्रीच्या टोकाला घासून गेलं. साहेबांनी छत्री मिटली.

हॅंडल मारला. एका फटक्यात सुरू.

काठावर उतरल्यावर साहेब बराच वेळ पाणी प्यायले. मग वही उघडून म्हणाले, "यंत्र एकदा बंद झालं, हे मला लिहावंच लागेल." मग लोटनकडे वळले. "तुमची हरकत आहे?"

गाव पुढे सरकलं.

"शे," लोटन म्हणाला.

साहेबांनी वहीवर पेन टेकवलं.

"हाऊ मिस्तरी इंजिनले आयकस, नदीले नही आयकत. एकला पाठाडशात तर एखाद दिन बठ्ठा लोकेस्ले बुडाडी. तेले एकला देवानी मनी हरकत शे." थांबून तो म्हणाला, "माले सुकाणूवर बसाडा. एक हात पुरस तेले. मंग नही."

साहेबांनी शेरा लिहिला: एकट्या मिस्तरीला घाट दिला तर सगळ्यांना बुडवील, लोटन सुकाणूवर असेल तर हरकत नाही. मग माझ्याकडे बघितलं. "तुमचं काय?"

म्हटलं, "साहेब, त्यांचं नाव आधी लिहा."

बुधवार, १३ ऑक्टोबर

परवाना आला. शेऱ्यात लिहिलंय, यंत्र एकदा बंद झालं, पण प्रवाशांच्या सुरक्षेसाठी मुद्दाम केलं. लोटन भोई आणि नथ्थू मिस्तरी, याच क्रमाने. भागाबाई आणि सुगंधाबाई दोघी बघायला आल्या होत्या आणि माझ्याबद्दल काहीतरी बोलून हसत होत्या. मी ऐकण्याचा प्रयत्न केला नाही. केला, पण इंजिनाच्या आवाजात कळलं नाही.

पहिल्या खेपेला बाजारची माणसं, दोन शेळ्या, दिवाळीला माहेरी निघालेली एक नवी नवरी. मधोमध आलो तशी लोटनआबांनी मान तिरकी केली. मी इंजिन बंद केलं.

नवरीचा मामा घाबरून म्हणाला, "काय झालं? बिघडलं का?"

मी म्हटलं, "बोलू नका. आबा ऐकताहेत."